करंजीचं ऑपरेशन : हॅमस्टर आजारी आहे हे कसं कळलं आणि पुढे काय काय करावं लागलं

करंजी आमच्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये आली. सीरियन हॅमस्टर, मादी, सोनेरी-पांढरी, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे दीड महिन्याची. किंमत ८०० रुपये, पिंजरा वेगळा. २०२५ च्या मार्चमध्ये तिच्या गर्भाशयात पू झाला, ऑपरेशन करावं लागलं आणि ती त्यातून उठली. त्या दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसायचे. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांचे अनुभव सापडायचे, पण चिंचवडमध्ये राहून नेमकं कुठे जायचं, किती खर्च येतो, डॉक्टरला काय विचारायचं हे कुठेच नव्हतं. म्हणून तारखा आणि पैशांसकट लिहिते आहे.

सुरुवातीला मला धास्ती होती ती वेट टेलची. शेपटीखालचा भाग ओला, वास मारणारे जुलाब, जनावर कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेलं. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस नावाच्या जिवाणूमुळे आतड्याला सूज येते. साधारण तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांना हे होतं. आईपासून तोडणं, प्रवास, नवी जागा या ताणात ते बळावतं आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. म्हणजे दुकानातून घरी आणायचं वय नेमकं तेच. आम्ही सुरुवातीला तिला हातात घेतलंच नाही. रात्री ती बाहेर आली की शेपटीखाली कोरडं आहे ना, एवढं लांबूनच बघायचो. तसं काही झालं नाही.

दुकानाबद्दल एक सांगून ठेवते. २०१८ च्या पेट शॉप नियमांमध्ये कुत्र्या-मांजरांबरोबर हॅमस्टरही येतात आणि अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नोंदणी विचारा आणि बिल मागून घ्या. पुढे केसपेपरवर वय लिहायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे त्या बिलावरच्या तारखेशिवाय दुसरा आधार नव्हता.

वही सुरू केली ती माझ्या मुलाने, ईशानने, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी. प्रकल्प जमा झाला, मार्क मिळाले, पण वही चालू राहिली. दर रविवारी रात्री नऊनंतर, करंजी आपणहून उठली की, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या किचनच्या काट्यावर स्टीलचा उभा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, डब्यात सूर्यफुलाची एक बी टाकायची आणि तिला आत सोडायचं. ती बी दोन्ही पंजांत धरून फिरवते, सोलते, टरफल बाजूला टाकते. तेवढा वेळ आकडा स्थिर राहतो. मग डब्याच्या कडेवर पुढचे पाय टेकून उभी राहते आणि आकडा नाचायला लागतो. झोपेतून उठवून वजन करायला जाऊ नका, चावेल आणि तिचा काही दोष नसेल.

वजनाशिवाय वहीत पाणी, खाणं, लेंड्या, वास आणि शेरा असे रकाने आहेत. पाण्याच्या बाटलीवर स्केचपेनने रेघा मारल्या आहेत. शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला दहा मिलिलिटरच्या आसपास पाणी हा ढोबळ हिशोब. खाण्यात मात्र हमखास फसगत होते. वाटी रिकामी झाली म्हणजे खाल्लं असं नाही, गालाच्या थैल्यांत भरून सगळं घरट्यात नेऊन ठेवलेलं असतं. म्हणून साठा किती वाढला तेही बघावं लागतं.

निरोगी हॅमस्टरमधल्या काही गोष्टी पहिल्यांदा दिसल्या की पोटात गोळा येतो. दात पिवळे-केशरी असतात, तेच चांगले. पांढरे आणि ठिसूळ झाले तर विचारायचं. कमरेच्या दोन्ही बाजूंना काळपट डाग दिसतात, त्या वासाच्या ग्रंथी आहेत, नरांमध्ये ठळक. दोन्हीकडे सारख्याच असतील तर गाठ म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि मादीच्या बाबतीत सर्वांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे दर चार दिवसांनी येणारा पांढरा, घट्ट, तार धरणारा स्राव. त्याला उग्र वास असतो. तिचं ऋतुचक्र चार दिवसांचं, त्यातला हा भाग. वहीत ईशान त्या दिवशी वासाच्या रकान्यात टिंब द्यायचा. पानभर बघितलं की टिंब, मग तीन कोरी घरं, पुन्हा टिंब.

फेब्रुवारीच्या शेवटी ही टिंबं जवळ जवळ यायला लागली. मार्च उजाडला तोवर रोजच टिंब. त्याच सुमारास बाटली रेघेच्या खाली जायला लागली. मी उन्हाळ्यावर ढकललं नाही, कारण गेल्या एप्रिल-मेमधले आकडे वहीत होते आणि तेव्हाही ती इतकं पाणी पीत नव्हती.

वजनाने मात्र गोंधळात टाकलं. सगळीकडे वाचलेलं असतं की वजन घटलं की धोका, दहा टक्के घटलं की डॉक्टर. करंजीचं वजन वाढत होतं. फेब्रुवारीभर १४२ च्या आसपास, २ मार्चला १४६, ९ मार्चला १५१. सासूबाई म्हणाल्या, “बाळसं धरलंय गं तिने.” पण पाठीवरून बोट फिरवलं तर मणके लागत होते आणि पोट खालून टम्म. साठ्यातलं धान्य तसंच पडून होतं. रात्री चाकाचा आवाज यायचा तोही थोडाच वेळ. शरीर झडत होतं आणि पोटात काहीतरी भरत होतं, काट्याला बिचाऱ्याला दोन्हींची बेरीजच दिसणार. म्हणून मी आता कुणालाही सांगते की आकड्याबरोबर पाठीवरचा हात हवाच. हॅमस्टर दुखणं लपवतं. जंगलात आजारी दिसलेला प्राणी शिकार होतो, ती सवय घरात येऊनही जात नाही.

रविवारी, १६ मार्चला वजन १५५ भरलं आणि घरट्यातल्या पांढऱ्या टिश्यूवर गुलाबी डाग दिसला. हॅमस्टरला पाळी येत नाही. मादीच्या अंगावरून रक्त जातंय हे कधीच नेहमीचं नसतं. मी त्या टिश्यूचा फोटो काढला आणि टिश्यू पिशवीत घालून ठेवला.

सोमवारी जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मी कुत्री-मांजरं बघतो, याचा मला अनुभव नाही. त्यांनी पैसेही घेतले नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला, कारण त्यानंतरच्या दवाखान्यात ४०० रुपये घेऊन, पिंजऱ्यात हातही न घालता, अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं सिरप लिहून दिलं गेलं. हॅमस्टरला पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तसंच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन घातक ठरतात. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जिवाणू माजतात आणि प्राणी त्या जुलाबांनीच जातो. हे आम्हाला वेट टेलच्या धास्तीत वाचलेलं म्हणून माहीत होतं. सिरप घेतलंच नाही. चिठ्ठी मात्र जपून ठेवली, पुढच्या डॉक्टरांना दाखवायला.

मंगळवारी फोनाफोनी. पक्षी, ससे, कासवं बघणारे म्हणजे एक्झॉटिक प्राण्यांचे डॉक्टर पुण्यात आहेत, पण मोजके, आणि वेळ ठरवूनच बघतात. मी आधी “हॅमस्टर बघता का?” एवढंच विचारत होते. सगळीकडे “हो, या” असं उत्तर. मग प्रश्न बदलला: हॅमस्टरला भूल देऊन ऑपरेशन तुमच्याकडे होतं का, भूल वायूची असते का, डॉक्टर कोणत्या वारी असतात? या प्रश्नांवर बरेच जण गळतात आणि आपला एक हेलपाटा वाचतो. एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने वेळ शनिवारची दिली होती. मी रक्त, वाढलेलं पाणी आणि पोटाची सूज या तीन गोष्टी सांगितल्या, वहीच्या पानाचा आणि डागाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अर्ध्या तासात निरोप आला, उद्या साडेअकरा.

चिंचवडहून पुण्याच्या त्या टोकाला जाताना रिक्षाच केली. मोठा पिंजरा नेला नाही. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात तिच्याच घरट्यातला जुना कागद, कारण ओळखीचा वास असला की ती जरा निवांत राहते. पाण्याची बाटली हादऱ्यांनी गळते आणि सगळं ओलं होतं, त्याऐवजी काकडीची फोड. उन्हासाठी गोठवलेली पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या बाहेरून टेकवली. हॅमस्टरला थंडीपेक्षा पुण्याच्या दुपारचा जास्त त्रास होतो, तिशीच्या वर पारा गेला की उष्माघाताची भीती. रिक्षावाल्यांनी विचारलं, “ताई, डब्यात काय, सुरळीच्या वड्या?” ईशानने झाकण जरा उघडून दाखवलं. पुढचा सिग्नल येईपर्यंत ते हसत होते.

केसपेपरवर प्राण्याच्या प्रकाराला चार चौकटी होत्या: कुत्रा, मांजर, पक्षी, इतर. आम्ही इतर. डॉक्टर मॅडमनी आधी वही मागितली आणि ती वाचायला करंजीला तपासण्याइतकाच वेळ दिला. मग तिला उचललं, दात बघितले, कान, डोळे, नाकाचा आवाज, गालाच्या थैल्या, शेवटी दोन बोटांनी पोट चाचपलं. वजन १५७. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले, जेल लावलं. पडद्यावर दोन काळ्या पट्ट्या दिसल्या. मॅडम म्हणाल्या, “ही गर्भाशयाची दोन शिंगं. इथे इतकं पाणी दिसायला नको.” पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठणं. वय झालेल्या सीरियन माद्यांमध्ये हे अनोळखी नाही, आणि दीड वर्ष म्हणजे त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्यातली चांगली उतरती बाजू.

दोन रस्ते होते. औषधांवर ठेवायचं, त्याने काही दिवस बरं वाटेल, पण पू भरलेला असल्याने पुन्हा होण्याचीच शक्यता जास्त. किंवा गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकायचे. एवढ्याशा जिवाला भूल देण्यात जोखीम आहे आणि करंजी आधीच अशक्त. मॅडमनी टक्केवारी सांगितली नाही, विचारल्यावरही नाही. मला ते आवडलं. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन करता येईल, तोवर कातडीखाली सलाइन आणि एन्रोफ्लॉक्सासिन हे हॅमस्टरला चालणारं अँटिबायोटिक सुरू करू, असं ठरवून निघालो. त्या दिवसाचे तपासणीचे ७००, सोनोग्राफीचे १५००, सलाइन-इंजेक्शनचे ४५०. ऑपरेशनचा अंदाज ९५००, त्यातले ५००० आगाऊ.

घरी चर्चा झाली. नवऱ्याने वाईटपणे नाही, पण विचारलं की ८०० रुपयांच्या प्राण्यावर एवढा खर्च करायचा का. प्रश्न गैर नव्हता. हॅमस्टर आणण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी त्यावर एकदा बोलून घ्यावं असं माझं मत आहे, कारण वेळ आल्यावर मुलासमोर ही चर्चा करणं अवघड जातं. आमच्याकडे सासूबाईंनी विषय मिटवला. पहिल्या दिवशी “घरात उंदीर पाळतात होय?” म्हणणाऱ्या त्याच. म्हणाल्या, “दुकानात ठेवली असती तर गोष्ट वेगळी. आणली ना घरी? मग करा.” पैसे त्यांनीही घातले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर छापील सूचनापत्रक आलं. त्यात रात्री दहानंतर अन्नपाणी बंद असं होतं. मला खटकलं, मी फोन केला. ते पत्रक कुत्र्या-मांजरांचं निघालं. हॅमस्टरला उलटी होतच नाही, त्यामुळे भुलेत उलटी फुप्फुसात जाण्याची ती भीती नाही. उलट उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते. मॅडमनी सांगितलं, निघेपर्यंत खाऊ दे, आणि तिच्या आवडीचं खाणं डब्यातून घेऊनही या, शुद्धीवर आली की तेच देऊ. असं पत्रक तुम्हाला आलं तर विचारून घ्या.

२१ मार्चला संमतीपत्र. मालकाचं नाव, आधार क्रमांक नाही पण पत्ता आणि दोन फोन नंबर, “भुलेदरम्यान मृत्यू ओढवू शकतो याची कल्पना दिली आहे” या ओळीसमोर वेगळी सही, आणि आणखी एक रकाना: हृदय बंद पडल्यास प्रयत्न करावेत की नाही. त्या रकान्याची मला कल्पना नव्हती. मी “करावेत” लिहिलं. ईशानला शाळेत पाठवलं होतं, ते बरं झालं.

वायूची भूल, तोंडाला इवलासा मास्क, खाली गरम पॅड, कारण भुलेत त्यांचं अंग पटकन थंड पडतं. आत नेल्यापासून फोन येईपर्यंत दीड तास गेला. बाहेर बसायला जागा होती पण मी रस्त्यापलीकडच्या अमृततुल्यमध्ये जाऊन बसले. दवाखान्याच्या बाकावर दर वेळी दार उघडलं की उठून उभं राहावंसं वाटतं. मॅडमनी मला बोलावून ट्रेमध्ये काढलेलं गर्भाशय दाखवलं. दोन्ही शिंगं माझ्या करंगळीएवढी जाड, पिवळट. वजन १६ ग्रॅम, म्हणजे तिच्या अंगाचा दहावा हिस्सा. चार तासांनी तिने काकडी कुरतडली, तेव्हा घरी सोडलं.

पुढचा आठवडा खरा कामाचा. चाक काढून ठेवायचं, वरचे मजले, बोगदे सगळं काढायचं. लाकडाचा भुसा अजिबात नाही, जखमेत जातो. देवदार-पाइनचा वासाचा भुसा तर एरवीही नको, श्वासाला त्रास होतो. खाली साधे पांढरे किचन टॉवेल, रोज बदलायचे, म्हणजे रक्त, लघवी, लेंड्या सगळं दिसतं. औषधं दोन, एन्रोफ्लॉक्सासिन आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, दोन्ही थेंबांत. एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या, मोठ्या सिरिंजवर इतक्या लहान रेघा नसतात. तोंडासमोरून नाही, गालाच्या बाजूने, थेंब थेंब, चाटायला वेळ देत. समोरून पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. पहिल्या रात्री ती मला चावली, बोटातून रक्त आलं. साबणाने भरपूर धुतलं आणि सकाळी आमच्या डॉक्टरांकडून टीटीचं इंजेक्शन झालंय का तेवढं बघून घेतलं.

खाण्यासाठी तिच्या नेहमीच्या पेलेट्सची मिक्सरमधून पूड करून कोमट पाण्यात कालवली. दुसऱ्या दिवशी लेंड्या झाल्या नाहीत, फोन केला. थोडा उकडलेला लाल भोपळा द्यायला सांगितला. त्या संध्याकाळी तीन लेंड्या झाल्या आणि ईशानने घरात आरोळी ठोकली. टाके चावू नयेत म्हणून कुत्र्या-मांजरांच्या गळ्यात घालतात ती कॉलर हॅमस्टरला बसत नाही, त्यामुळे टाक्यांकडे लक्ष हेच काम. तिने बाहेरचा एक टाका तोडलाच. फोटो पाठवला, खालचे टाके शाबूत आहेत, जखम उघडलेली नाही, असं कळलं.

वजन २३ मार्चला १३३ पर्यंत उतरलं, पाडव्याला १३६, १३ एप्रिलला १४०. बाटली जुन्या रेघेवर आली. ३१ मार्चला टाके बघायला गेलो त्याचे ४००, औषधांचे ६२०. सगळं मिळून १३,५७०, आणि रिक्षाभाडं धरलं तर पंधरा हजारांच्या पुढे. प्राण्यांच्या वैद्यकीय सेवेवर जीएसटी लागत नाही. बिल बाबवार मागा, तपासणी, भूल, शस्त्रक्रिया, औषधं वेगवेगळी. मागितलं तर देतात.

चार दिवसांच्या टिंबांचा रकाना आता बंद आहे. त्या जागी ईशानने “केस” असं लिहिलंय, कारण जुलैपासून करंजीच्या पाठीमागे, शेपटीच्या वर, केस विरळ व्हायला लागलेत आणि कातडी कोंड्यासारखी सुटते. खाजवत फारशी नाही. फोटो बघून मॅडम म्हणाल्या की वय झालेल्या हॅमस्टरमध्ये डेमोडेक्स नावाचे किडे डोकं वर काढतात, पण अंदाजाने औषध देणार नाही, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू. येत्या गुरुवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. खरवडून बघण्याचे ३५० वेगळे, आणि तोवर त्या जागेला खोबरेल तेलसुद्धा लावायचं नाही असं बजावलंय, सासूबाईंना मुद्दाम फोनवर घेऊन.